रंगाचे दोन हात

माझ्या जिभेला हाड नाही असं माझी सासू म्हणते, आणि त्यात खोटं काही नाही. पण मी ज्याला बोलते तो निदान कामाला लागतो, असा माझा आजवरचा अनुभव होता. मुस्तकीमभाईंच्या बाबतीतही तसंच झालं. मी बोलले आणि त्यांनी मनावर घेतलं. त्या वेळी त्यांनी माझं बोलणं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं असतं तर फार बरं झालं असतं.

आमचं काम विजेच्या तारांचं. माझा नवरा ललित लाइनवरचं बघतो आणि मी सातपूरच्या ऑफिसातलं, म्हणजे कागद, माणसं, गाड्या आणि परवानग्या. उंचावर काम करायला आमच्याकडे एक बकेटची गाडी आहे. ट्रकवर बसवलेला लांबलचक हायड्रॉलिक हात आणि त्याच्या टोकाला माणूस उभा राहील एवढी फायबरची बकेट. गणपतीनंतर त्या हाताचा सिलिंडर गेला आणि गाडी अंबडच्या एका गॅरेजात जाऊन बसली. नेमकं तेव्हाच त्र्यंबकच्या पुढे हरसूल रस्त्यावरचं काम निघालं. कुंभाच्या आधी लाइनी मोकळ्या करायच्या होत्या. रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या तारांपर्यंत पोचल्या होत्या, त्या छाटायच्या होत्या. आणि त्याही लाइन चालू ठेवून, कारण तिच्यावर पाण्याचे पंप होते आणि ते बंद ठेवायला कोणी तयार नव्हतं.

"बंद लाइनीवर काय, कोणीही शिडी लावून छाटेल," काम देणारे साहेब म्हणाले होते. "तुमच्याकडे इन्सुलेटेड बकेट आहे म्हणून तुम्हाला बोलावलं."

इन्सुलेटेड म्हणजे बकेट आणि तिला धरणारा वरचा हात, दोन्ही शुद्ध फायबरचे. त्यातून वीज जात नाही. वर उभ्या असलेल्या माणसाचा जमिनीशी संबंधच तुटलेला असतो. चुकून त्याचा खांदा तारेला लागलाच, तर विजेला त्याच्या अंगातून जमिनीकडे जायला वाट नसते. माणूस वाचतो तो तेवढ्यावरच.

आमची गाडी लवकर सुटण्यातली नव्हती आणि नवी घ्यायची तर ती यायला दोन महिने. म्हणून भाड्याच्या गाडीचा शोध सुरू झाला. रस्त्यावरचे दिवे बदलायच्या साध्या गाड्या पुष्कळ होत्या, पण इन्सुलेटेड म्हटलं की समोरचा फोनवरच गप्प व्हायचा. शेवटी वडाळा रोडचे मुस्तकीमभाई म्हणाले, माझ्याकडे आहे, या बघायला.

मी गेले बघायला. गाडी लिंबाच्या झाडाखाली उभी होती. बकेट पिवळट पडलेली, वरून कबुतरांनी रंगवलेली, कडेला चरे, आणि हाताच्या फायबरवर धुराचा काळा थर. मला पसारा आणि कळकटपणा खपतच नाही. माझ्या ऑफिसात तारांची भेंडोळीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेली असतात.

"हे काय कोंबड्यांचं खुराडं आहे का?" मी म्हटलं. "साहेब साइटवर आले आणि त्यांनी ही बघितली तर मला दारात उभं करणार नाहीत."

"फायबर आहे भाभी, ते असंच दिसतं," मुस्तकीमभाई शांतपणे म्हणाले. "मागच्याच महिन्यात टेस्ट झालीय. हा बघा कागद. काम एकदम चोख आहे तिचं."

कागद मी नीट बघितला. टेस्ट खरी होती, तारीख, शिक्का सगळं जागच्या जागी. पण बोलायला सुरुवात केली की मी लवकर थांबत नाही. माणसं त्यांच्या गाडीकडे बघून धंद्याची पारख करतात, हिला तोंड धुवायला कोणी शिकवलंच नाही का, असं बरंच काही मी बोलले. त्यांच्या पुतण्यासमोर, ड्रायव्हरसमोर. मुस्तकीमभाईंचा चेहरा उतरला. त्यांची दाढी पांढरी झालीय, यंत्रांच्या धंद्यात त्यांची हयात गेलीय. निघताना ते एवढंच म्हणाले, "चार दिवस द्या. गाडी तुमच्या मनासारखी मिळेल."

चार दिवसांनी फोनवर फोटो आला. उन्हात उभी गाडी आणि तिची बकेट पांढरीशुभ्र चमकत होती. मला वाटलं, घासूनपुसून धुतली असेल. मनातल्या मनात मी स्वतःची पाठसुद्धा थोपटली, की बघा, बोललं की होतं. त्या दिवशी मला वडाळ्यापर्यंत जायचा कंटाळा आला होता. मी फोटोखाली अंगठा पाठवला आणि साहेबांच्या फॉर्मवर सही केली. फॉर्मवर छापलेलं होतं, 'वाहनाची प्रत्यक्ष पाहणी केली.' त्याच्याखाली माझं नाव, सुवर्णा, आणि ऑफिसचा शिक्का.

गाडी परस्पर साइटवर गेली. सोबत मुस्तकीमभाईंचा ड्रायव्हर खाजा. आमच्याकडून ललित आणि खंडेराव. खंडेराव आमचे सगळ्यात जुने लाइनमन. तीस वर्षं खांबांवर काढलेला माणूस.

कामाच्या दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला नईम ऑफिसात आला. नईम म्हणजे मुस्तकीमभाईंचा पुतण्या, त्यांच्या गाड्यांचं सगळं रिपेअरिंग तोच करतो. दोन लेकींचा बाप, कमी बोलणारा. हातात एक पत्र्याचा डबा होता.

"भाभी, चाचांनी पाठवलाय. निम्मा उरला होता. म्हणाले, तुमच्या शटरला लावा, शटरचा रंग उडालाय."

"कसला डबा?"

"गाडीचा रंग. बकेटला मारला तोच. वरच्या हातालासुद्धा. दोन हात मारलेत, एकदम चांदीसारखी झालीय. चाचा म्हणाले, भाभीला शिकायत नको."

मी डबा हातात घेतला. झाकणाच्या कडेला चंदेरी ओघळ सुकले होते. बाजूला लिहिलेलं होतं, ॲल्युमिनियम पेंट.

मी डबा टेबलावर ठेवला. ॲल्युमिनियम म्हणजे धातू. त्या रंगात धातूची पूड असते, म्हणून तर तो चमकतो. आम्ही खांबांना मारतो, शटरला मारतो. फायबरला तो मारायचा नाही, हे मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी आमची गाडी घेतली तेव्हा कंपनीच्या माणसानं दिवसभर शिकवलं होतं आणि मी वहीत उतरवून घेतलं होतं. बकेटवर रंग नको, स्टिकर नको, साध्या पाण्यानं धुवा, कळकट दिसली तरी चालेल. दसऱ्याला खंडेराव गाडीची पूजा करतात तेव्हा हळदीकुंकू बॉनेटला वाहतात, झेंडूची माळ बंपरला बांधतात, बकेटला बोटसुद्धा लावू देत नाहीत. मी त्यांना हसले होते. एवढं सोवळं कशाला, म्हणाले होते.

टेस्टचा कागद खरा होता. पण तो त्या कळकट बकेटचा होता. या चकचकीत बकेटची टेस्ट कोणीच केलेली नव्हती.

"काय झालं भाभी?" नईमनं विचारलं. मी सांगितलं. तो रंगाच्या डब्याकडे बघत राहिला. गाड्यांच्या इंजिनातलं त्याला सगळं कळतं, विजेचं नाही. ही गाडी त्यांनी लिलावात घेतलेली, तिच्यासोबत पुस्तक आलं नव्हतं, शिकवायला कोणी आलं नव्हतं. मुस्तकीमभाईंनी रंग मारला तो माझ्यासाठी.

मी ललितला फोन लावला. बंद. खंडेरावांचा बंद. खाजाचा बंद. आणि ते बंद का आहेत हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. माणूस वर चढला की त्याच्यासकट सगळ्यांचे फोन बंद करून बिस्किटाच्या डब्यात, आणि डबा केबिनमध्ये. हा नियम माझा. दोन वर्षांपूर्वी सिन्नरला वर असलेल्या माणसाचा फोन वाजला होता, तो खिशात हात घालायला गेला आणि पाना सुटून खाली खंडेरावांच्या हेल्मेटवर आदळला. त्या दिवशी मी सगळ्यांना फैलावर घेतलं आणि दोन नियम केले. एक फोनच्या डब्याचा. दुसरा, माणूस वर असताना खालून कोणी हाक मारायची नाही, माणूस दचकतो. नियम लॅमिनेट करून गाडीत लावले होते. भाड्याच्या गाडीतसुद्धा लावायला मीच पाठवले होते.

"चल," मी नईमला म्हटलं. त्याची व्हॅन दारातच होती.

त्र्यंबक रस्त्याला लागेपर्यंत मी ललितला अकरा वेळा फोन लावला. त्यानंतर सबस्टेशनला लावला. तिथला ऑपरेटर ओळखीचा नव्हता.

"मी ललित यांच्या ऑफिसातून बोलतेय, हरसूल रस्त्यावर फांद्यांचं काम चालू आहे. ती लाइन लगेच बंद करा."

"मॅडम, लाइन बंद करायची नाही म्हणून तर तुम्हाला काम दिलंय ना?"

"हो. पण बंद करा."

"पंप आहेत तिच्यावर. कारण काय लिहू?"

इथं मी अडले. अगदी खरं सांगते, अडले. झाड पडलं असं सांगता आलं असतं, तार लोंबतेय असं सांगता आलं असतं. माझ्या डोळ्यासमोर तो फॉर्म आला आणि त्याच्यावरची माझी वळणदार सही. एक श्वास घेण्याएवढा वेळ मी गप्प राहिले असेन. त्या एका श्वासाची मला आजही लाज वाटते.

"लिहा की गाडी इन्सुलेटेड नाही," मी म्हटलं.

"सर्टिफिकेट तर जोडलेलं आहे. पाहणी केल्याची सही आहे तुमची."

"माझीच आहे. मी पाहणी केली नव्हती. माणूस वर आहे, दादा."

त्यानं पलीकडे कागद उलटले. मग म्हणाला, "मी साहेबांना विचारून..." आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. महिरावणी गाव मागे पडलं होतं आणि रेंज तुटत होती. मी पुन्हा लावला तर लाइन व्यस्त. व्यस्त म्हणजे तो साहेबांशी बोलत होता, की दुसऱ्याच कोणाशी, हे कळायला मार्ग नव्हता.

अंजनेरीच्या अलीकडे भाविकांच्या बसगाड्यांची रांग लागली होती. नईम हॉर्नवर हात ठेवून बाजूच्या मुरमावरून व्हॅन काढत होता. त्याचे ओठ हलत होते, तो काहीतरी पुटपुटत होता. मीही पुटपुटत होते. बाहेर पेरूवाले बसले होते, डोंगरावर ढग टेकले होते आणि मला सारखं वाटत होतं की ते घडून गेलेलंच आहे, आपण फक्त बघायला चाललोय.

"भाभी, सगळ्याच रंगातून करंट जात नसेल," नईम म्हणाला. "कधी कधी नसेलही जात."

"नसेलही," मी म्हटलं. काल दिवसभर काम झालं होतं आणि काही झालं नव्हतं. पण काल कोणाचा खांदा तारेला लागला नव्हता एवढाच त्याचा अर्थ. आज फांद्या जास्त दाट होत्या, ललितनंच सकाळी चहा पिताना सांगितलं होतं. मी तेव्हा त्याच्या डब्यातल्या भाजीबद्दल कटकट करत होते.

त्र्यंबक सोडलं तसं फोनचं नेटवर्क गेलं. घाटाचं वळण संपल्यावर एका चढावर खंडेराव दिसले. एकटेच, फोन डोक्याच्या वर धरून उभे. मी व्हॅन थांबवायला लावली. नेटवर्क शोधत ते दीड किलोमीटर चालत आले होते.

"ताई, तुम्हालाच लावत व्हतो," आत बसता बसता ते म्हणाले. धाप लागली होती. "मी नाय चढलो आज. काल वर व्हतो तव्हाच वास आला रंगाचा. रातभर डोक्यात तेच. सकाळी नख लावून पाह्यलं, बोटाला चांदी आली. म्हनलं भाऊ, फायबर कुनी रंगवत नसतं, मी काय जात नाय."

"मग वर कोण आहे?"

"भाऊच."

नईमनं गिअर टाकला.

"मी लय सांगितलं त्यांना," खंडेराव म्हणाले. "ते म्हनले, सुवर्णानं पाहून घेतलीय गाडी. ती साधी भेंडी घेतली तरी मोडून पाहते. तिनं सही केली म्हंजे झालं. अन् चढले."

अकरा वर्षांच्या संसारात ललितनं माझ्या तोंडावर माझं असं कौतुक कधी केलं नव्हतं.

एका पाड्याच्या अलीकडे, मोठ्या जांभळीखाली गाडी उभी होती. मी व्हॅनमधून उतरले आणि वर बघितलं. ललित बकेटमध्ये पाठमोरा उभा होता. पिवळं हेल्मेट, आणि त्या हेल्मेटच्या वर दोन हातांवर तार. बकेट उन्हात लखलखत होती. लांब दांड्याच्या करवतीनं तो एक जाड फांदी कापत होता आणि फांदी निम्म्याहून जास्त कापून झाली होती.

माझ्या तोंडून त्याचं नाव निघणारच होतं. खंडेरावांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"हाक नका मारू," ते अगदी हळू म्हणाले. "फांदी आता लोंबतीय. दचकून फिरले तर फांदी तारेवर जाईल, नायतर तेच जातील. कापून व्हऊ द्या. मग स्वतःच खाली पाहतेन."

ते दबक्या पावलांनी खाजाजवळ गेले आणि त्यानं लिव्हरला हात लावू नये म्हणून त्याच्या हातावर हात ठेवून उभे राहिले. मी आणि नईम रस्त्याच्या कडेला उभे. माझाच नियम होता तो. त्याला दिसेल, ऐकू जाईल, एवढ्या अंतरावर मी आले होते आणि मला गप्प उभं राहायचं होतं. मी, सुवर्णा, गप्प.

करवतीचा आवाज येत होता आणि त्याच्या मागे दुसराही एक. टुक टुक टुक टुक. पाड्यावरच्या पिठाच्या गिरणीचा. सुरुवातीला माझं लक्ष नव्हतं. मग लक्षात आलं. गिरणी विजेवर चालते आणि पाड्याला वीज याच लाइनीवरून येते. गिरणी चालू म्हणजे त्याच्या डोक्यावरची तार चालू. ऑपरेटरनं साहेबांना विचारलं असेल, साहेब नाही म्हणाले असतील. किंवा त्यानं विचारलंच नसेल. एका बाईच्या फोनवर कोण पंप बंद करतो?

फांदी वाकली. ललितनं खांदा थोडा बाजूला घेतला, तारेकडे. मी डोळे मिटले आणि परत उघडले, कारण मिटून ठेवणं जास्त भयंकर होतं. टुक टुक टुक टुक. मी गिरणीचे ठोके मोजायला लागले. गजानन महाराजांना काहीतरी कबूल केलं, काय ते आता आठवतही नाही. नईम माझ्या शेजारी दोन्ही तळवे चेहऱ्यासमोर धरून उभा होता. त्याच्या नखांच्या कडांना अजून चंदेरी रंग होता.

आणि गिरणी थांबली.

एकदम शांत झालं. करवत तेवढी चालू. मी खंडेरावांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. लाइन बंद झाली होती, की नुसतं दळण संपलं होतं? दळण संपलं की गिरणीवाला पट्टा थांबवतोच. हे सांगणार कोण? पळत पाड्यात जाऊन विचारावं असं वाटत होतं आणि ललितला तसाच सोडून जाववत नव्हतं. फांदीचा कडकड आवाज झाला. ललितनं एक हात तिला धरायला वर नेला.

पाड्याच्या वाटेनं एक बाई आली. डोक्यावर डबा, भुवयांपर्यंत पिठानं पांढरी झालेली. तिला मागून कोणीतरी विचारलं, "चांगुणा, झालं का गं?"

"कुठलं झालं," ती खेकसली. "निम्मं दळान झालं अन् मेली लाइट गेली. आता बसा वाट बघत दिवसभर."

वीज गेली म्हणून कोणी शिव्या घालाव्यात आणि त्या ऐकून कोणाला रडू यावं, असं माझं झालं. वर फांदी तुटली, तारेवर पडली, तारेला झोका देऊन घसरली आणि धाडकन रस्त्यावर आली. काही झालं नाही. ठिणगीसुद्धा नाही. मेलेल्या तारेवर ती नुसतीच फांदी होती.

"ललित!" मी ओरडले. "खाली ये."

तो वळला. मला तिथं बघून त्याला काहीच समजेना. खंडेरावांनी खाजाच्या हातावरचा हात काढला आणि हायड्रॉलिक हात हळूहळू खाली यायला लागला.

"तू कशी काय इथं?" बकेटच्या बाहेर पाय टाकत ललित म्हणाला. "घरी सगळे बरे आहेत ना? फांदी तारेवरून घसरली, बघितलंस? मला वाटलं आता ट्रिप होऊन लाइन बंद पडणार."

"लाइन बंद आहे," मी म्हटलं. "मी बंद करायला सांगितली."

"तू? अगं, पंप आहेत तिच्यावर. आपलं काम काढून घेतील."

"घेऊ देत. बकेटला मारलाय तो ॲल्युमिनियमचा रंग आहे. हातालाही."

त्यानं बकेटकडे बघितलं, मग खंडेरावांकडे. खंडेराव तोंड फिरवून तुटलेली फांदी रस्त्याच्या कडेला ओढायला लागले होते. "पण तू तर बघितली होतीस गाडी," ललित म्हणाला.

सगळे होते तिथं. खाजा, नईम, पिठाचा डबा घेऊन थांबलेली चांगुणासुद्धा. मी आयुष्यात लोकांना चारचौघांत पुष्कळ बोलले होते. स्वतःबद्दल बोलायची ही पहिलीच वेळ.

"नाही बघितली," मी म्हटलं. "फोटो बघितला. रंगसुद्धा माझ्यामुळेच मारला त्यांनी. मी त्यांना नाही नाही ते बोलले, गाडी घाण दिसते म्हणून. मुस्तकीमभाई सांगत होते की फायबर असंच दिसतं. खंडेराव तुला सांगत होते. बरोबर तेच होते दोघं. मी नव्हते."

नईम खाली बघत होता. ललित गाडीच्या पायरीवर बसला आणि पाणी मागितलं. मी बाटली दिली. ती घ्यायला त्यानं हात पुढे केला तेव्हा मी त्याचे तळवे बघितले. दोन्ही तळवे चंदेरी झाले होते, अगदी बोटांच्या पेरांपर्यंत.

"हातमोजे कुठं आहेत तुझे?"

रबराचे लांब हातमोजे केबिनच्या सीटवर पडले होते, फोनच्या डब्याशेजारी. कोरडे, नीट घडी घातलेले.

"गरम होत होतं त्यात," तो म्हणाला. "करवत सटकत होती. म्हटलं, काढले तर काय होतंय. तू गाडी बघून घेतलीयेस ना."

तो पाणी प्यायला. बाटलीवर त्याच्या बोटांचे चंदेरी ठसे उमटले. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले, पदर ओला केला आणि त्याचा एक तळवा हातात घेऊन पुसायला लागले. रंग निघत नव्हता. मी पुसत राहिले. तो मला थांब म्हणाला नाही.